गुडघ्याचं दुखणं आणि प्रारब्धाचा प्रश्न

नवरात्रात विरारचा जीवदानीचा डोंगर पहाटेपासूनच गजबजलेला असतो. पायथ्यापासून देवीपर्यंत तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत. चढणाऱ्यांच्या उत्साहाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. उतरणाऱ्यांकडेही थोडं पाहायला हवं. साठीच्या आसपासच्या कितीतरी बायका कठडा दोन्ही हातांनी धरून, अंग तिरकं करून उतरत असतात. एका पायरीवर दोन्ही पावलं टेकली की मगच पुढची पायरी. डोंगरावर जायला रोपवेची सोय झालेली आहे. तरी त्या पायीच येतात, कारण नवस बोलताना ‘पायी येईन’ असा शब्द दिलेला असतो. कुणी गुडघ्यांची चौकशी केली तर उत्तर ठरलेलं असतं: ‘भोग आहेत, भोगूनच संपवायचे.’

या उत्तरामागे एक संपूर्ण तत्त्वज्ञान उभं आहे, म्हणून ते गांभीर्याने घ्यायला हवं. आखडलेला खांदा, धरलेली कंबर, कुरकुरणारा गुडघा घेऊन माणूस सल्ला विचारायला जातो की नाही, आणि गेलाच तर किती वर्षं अंगावर काढून जातो, यात या समजुतीचा मोठा हात असतो. वसई-विरारमध्ये ती अनेक रूपांत भेटते. कुठे तिला प्रारब्ध म्हणतात, कुठे देवाने दिलेला क्रूस, कुठे तकदीर. धर्म निराळे असले तरी निघणारा अर्थ एकच, की सोसा. पण त्या त्या धर्माने खरोखर असं सांगितलं आहे का?

गीतेपासून सुरुवात करू. अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडण्याची पाच कारणं दिली आहेत. पहिलं अधिष्ठान, म्हणजे हे शरीर. मग कर्ता, मग साधनं, मग नाना प्रकारचे प्रयत्न. दैव येतं ते पाचवं. सतराव्या अध्यायात तर शास्त्राला सोडून देहाला पिळवटणाऱ्या घोर तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात हाच प्रश्न शिष्य अग्निवेश थेट विचारतो: आयुष्य आधीच ठरलेलं असतं का? आत्रेय गुरू सांगतात की दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, दोन्ही लागतात, आणि दुबळ्या दैवावर बळकट प्रयत्न मात करतो. सगळंच ठरलेलं असतं तर औषधोपचाराला काही अर्थच उरला नसता, हा त्यांचा युक्तिवाद आहे. वैद्यकशास्त्र उभारणाऱ्यांनी पायाभरणीतच नियतिवादाशी हिशेब पुरा केला होता.

वसईकरांना दुसरी साक्ष घराजवळच मिळते. नालासोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटात पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बौद्ध स्तूप उकरून काढला. अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे याच परिसरात मिळाले. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची, औषधी वनस्पतींची सोय केल्याचं सम्राट नोंदवतो. बौद्ध परंपरेत शूर्पारकाचं, म्हणजे सोपाऱ्याचं, नाव पूर्ण या भिक्षूशी जोडलेलं आहे. ज्या धम्माची ही भूमी एकेकाळी मोठं ठाणं होती, त्याची दुखण्याविषयीची भूमिका इथल्या माणसाने जाणून घ्यावी अशी आहे.

पाली वाङ्मयात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचं एक सुत्त आहे. माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, असं काही लोक म्हणतात. आपलं काय मत, असं तो बुद्धाला विचारतो. बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतात: पित्त, कफ, वात, या तिघांचं एकत्र बिघडणं, ऋतुबदल, शरीराची चुकीची निगा आणि वापर, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्माचं फळ. सगळंच कर्मावर ढकलणारे लोक प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी ओलांडून पुढे जातात, असं ते बजावतात. गीतेत दैव पाचवं, इथे कर्म आठवं. दोन्हीकडे ते यादीच्या शेवटी आहे.

बुद्धांच्या यादीतलं सहावं कारण वसई-विरारच्या माणसाला अगदी जवळचं आहे. पहाटेच्या गाडीने भाजी-फुलांच्या जड टोपल्या मुंबईच्या बाजारात नेणारी वाडीतली बाई, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तासन् तास उकिडवं बसून मासळी निवडणारी कोळीण, विरार ते चर्चगेट हा ६० किलोमीटरचा प्रवास एका पायावर तोल सावरत उभ्याने करणारा नोकरदार, दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेला कारागीर. यांच्या कंबरेला आणि गुडघ्यांना जे झालं आहे त्याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. ओझं, आसन, तास, विश्रांतीचा अभाव. त्याला भोग म्हटलं की ओझं उतरवण्याचा विचारच बंद होतो, आणि ज्या कष्टांमुळे दुखणं आलं त्यांच्याकडे पाहण्याची जबाबदारी घरावरूनही जाते आणि समाजावरूनही.

विनयपिटकातली एक हकीकत तर आजच्या पुनर्वसन केंद्रात शोभेल. वैशालीतले भिक्षू पक्वान्नं खाऊन आजारी पडू लागले, तेव्हा वैद्य जीवक बुद्धांकडे गेला आणि त्याने दोन गोष्टी मागितल्या: येरझाऱ्या घालण्यासाठी चंक्रमणपथ आणि घाम काढण्यासाठी गरम खोली. बुद्धांनी दोन्ही मान्य केल्या. पुढे पथ उंचसखल असल्याने पाय दुखू लागले, तर तो सपाट करायला परवानगी मिळाली. भिक्षू त्यावरून पडू लागले, तर कठडा बांधायलाही मिळाली. चालण्याचा व्यायाम, शेक, सपाट जमीन आणि आधाराचा कठडा हे सगळं धर्माच्या नियमग्रंथात नोंदलं गेलं आहे. खुद्द बुद्धांची पाठ उतारवयात दुखत असे. एका सभेत त्यांनी तसं मोकळेपणाने सांगून पुढचा उपदेश आनंद या शिष्याकडे सोपवला आणि ते आडवे झाले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

वसईच्या ख्रिस्ती घरांत शुभवर्तमान रोज वाचलं जातं. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूचं उत्तर आहे, कुणाचंही नाही. दुखण्यामागे पाप शोधण्याच्या सवयीला इतका सरळ नकार क्वचितच दिला गेला असेल. त्याच शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं पडून असलेल्या माणसाला तो आधी विचारतो, तुला बरं व्हायचं आहे का? बरं करणाऱ्याने रुग्णाची इच्छा विचारल्याशिवाय पाऊल उचललेलं नाही. मिस्साविधीच्या नियमांतही समर्पणाच्या वेळी गुडघे टेकायला सांगताना प्रकृतीच्या कारणाने न टेकण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. इस्लाममध्ये ही मुभा प्रेषितांच्याच शब्दाने आली. प्रेषितांचे सहकारी इम्रान बिन हुसैन आजारी असताना त्यांना सांगण्यात आलं की उभ्याने नमाज पढा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढणारा वृद्ध काही सवलत लाटत नसतो. तो नियमच पाळत असतो.

म्हणजे गुडघा वाकत नाही म्हणून भक्ती उणी ठरते, असं यांपैकी कुणीच म्हणत नाही. मानसपूजेची परंपरा असलेल्या हिंदू धर्मात तर नाहीच नाही.

मग वैद्यकाने काय करावं? बर्लिनच्या संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच मोजयंत्र बसवून २०१० साली प्रत्यक्ष भार मोजला. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, उतरताना त्याहूनही जास्त. साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पावलाला दोनशे किलोच्या आसपास. या आकड्यांवरून ‘आता हलूच नका’ असा सल्ला देणं सोपं आहे, पण तो चुकीचा आहे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हाच भोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणून गुडघ्याच्या झिजेवर आज पहिला उपचार सांगितला जातो तो व्यायामाचा.

तो व्यायाम दिसायला अगदी साधा असतो. खुर्चीत ताठ बसायचं. एक पाय समोर सरळ करायचा, पाऊल आपल्याकडे ओढायचं, मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा होईपर्यंत आवळायचा, पाच अंक मोजायचे, सावकाश खाली आणायचा. दहा वेळा हा, दहा वेळा तो. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. मग हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि धपकन न बसता हळूहळू बसायचं. फरक कळायला काही आठवडे जातात, आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. गणेशपुरी-अकलोलीच्या गरम कुंडांत डुंबून आलं की स्नायू सैल होतात, दोन-चार तास बरं वाटतं, म्हणून वसईचे लोक पिढ्यान् पिढ्या तिथे जातात. त्यात गैर काहीच नाही. मात्र शेकाने दुखणं निवतं, ताकद येत नाही. ती रोजच्या साधनेनेच येते, आणि साधना म्हणजे काय हे भाविक माणसाला शिकवावं लागत नाही.

सल्ला देणाऱ्याचंही एक कर्तव्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली माणसाच्या कार्यक्षमतेचं जे वर्गीकरण स्वीकारलं, त्यात नोकरी, शिक्षण, घरकाम यांच्या जोडीला ‘धर्म आणि अध्यात्म’ हीही नोंद आहे. देवळात, चर्चमध्ये, मशिदीत, विहारात जाता येणं हा पुनर्वसनाचा रीतसर हेतू ठरतो. या विचाराचं सर्वांत सुंदर उदाहरण जयपूरचं आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या कृत्रिम पायाला बुटाची गरज नव्हती. तो घालून मांडी घालता येई, उकिडवं बसता येई, शेतातल्या चिखलात उतरता येई आणि अनवाणी देवळात जाता येई. परदेशी पाय यंत्र म्हणून सरस असेल, पण इथल्या माणसाला तो उंबरठ्याबाहेर उभा करत होता. जयपूर पायाने त्याला आत नेलं.

मुंबईत हे शास्त्र नवं नाही. परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. विरारहून महालक्ष्मी स्टेशन गाठलं की हाजीअलीचा दर्गा, महालक्ष्मीचं देऊळ आणि ही संस्था एकाच परिसरात आहेत. दर्ग्यात मन्नत मागून किंवा देवीची ओटी भरून त्याच दिवशी संस्थेत तपासून घेण्यात कोणताही विरोधाभास नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळीच दुखणी बरी होत नाहीत, मग स्वीकाराला जागा नाही का? आहे, आणि मोठी आहे. बाबा आमटे यांना मणक्याच्या विकाराने अनेक वर्षं बसता येत नव्हतं. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, एवढेच दोन पर्याय. तरी १९८५ साली ते तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले, वाहनात आडवे पडून. त्यांचा स्वीकार उपचार टाळून आलेला नव्हता. जे करण्यासारखं होतं ते केल्यावर उरलेल्याचा तो स्वीकार होता. प्रारब्धाला मान द्यायचाच असेल तर तो या क्रमाने द्यावा.

तेव्हा नवस बोलताना शरीराचा विचार करून बोलावा, आणि आधी बोललेला असेल तर देवी रोपवेने आलेल्या लेकीलाही लेकच मानते, हे पुजाऱ्यांनी आणि घरच्या थोरांनी तोंडाने सांगावं. देवस्थानांनी आणि चर्चच्या मंडळींनी धड कठडे, टेकायला बाक, आत काही खुर्च्या ठेवाव्यात. दुखणं सहा आठवड्यांच्या वर रेंगाळलं तर डॉक्टरांना दाखवून शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जावं, आणि आपल्याला नेमकं काय करता यायला हवं आहे ते पहिल्याच भेटीत सांगावं: मांडी, गुडघे टेकणं, सजदा की पायऱ्या. पाय अचानक लुळा पडला, लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा सांधा तापासह सुजला, तर मात्र एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावं. आईची, आजीची कुरकुर ऐकून ‘वयोमानाने चालायचंच’ म्हणणाऱ्या मुलांनी या आठवड्यात तिला तपासायला घेऊन जावं.