फ्रेम जुनी, सायकल कोणती?

वस्तूचे बहुतेक भाग बदलले आणि तिचे कामही बदलले, तर ती वस्तू तीच राहते का? तत्त्वज्ञानात या प्रश्नासाठी जहाज आणि रथ ही उदाहरणे शतकानुशतके चालत आली आहेत. विसाव्या शतकात त्यांच्या जोडीला सायकल आली. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत, टॅमलपायस डोंगराच्या आसपास राहणाऱ्या काही तरुणांनी १९७० च्या दशकात श्विन कंपनीच्या तीस-चाळीस वर्षे जुन्या सायकली भंगारातून उचलल्या आणि त्या दगडगोट्यांच्या डोंगरवाटा उतरण्याजोग्या केल्या. या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणत. आजच्या माउंटन बाइकची वंशावळ तिथे जाऊन पोहोचते.

निवड जुन्या फ्रेमचीच का झाली, याचे कारण तांत्रिक आहे. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ मध्ये २६ इंची चाकाला २.१२५ इंच रुंदीचे फुगीर टायर बसवून सायकली बाजारात आणल्या. पेपर टाकणारी मुले त्या वापरत. फ्रेम जाड पोलादाची, वजनदार, आणि रुंद टायर मावेल एवढी मोकळी होती. 'एक्सेलसियर' ही त्यांतली विशेष पसंतीची फ्रेम. तिच्यावरून मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि मोटारसायकलची ऐट आणणारी खोटी टाकी काढून टाकली जाई. त्या जागी ड्रम ब्रेक, मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर, रुंद हँडल आणि पुढेमागे गिअर येत. गिअरचा मागचा हब जुन्या हबपेक्षा रुंद असल्याने फ्रेमच्या मागच्या दांड्या ताणून फाकवाव्या लागत. पोलाद हे सहन करते, ॲल्युमिनियम सहसा करत नाही. एकसंध जुना क्रँक जाऊन तीन भागांचा क्रँक आला, अनेकदा पुढचा चिमटाही बदलला. या तरुणांपैकी गॅरी फिशर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास आपल्या जुन्या श्विनवर गिअर आणि ड्रम ब्रेक चढवले, तेव्हा मूळ सायकलीची म्हणून सांगावी अशी फ्रेमच काय ती उरली होती.

अशाच सायकलींवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी मरिनमधल्या फेअरफॅक्स गावाजवळ 'रीपॅक' नावाची उतारावरची शर्यत प्रथम झाली. जेमतेम साडेतीन किलोमीटरच्या वाटेत सुमारे ४०० मीटर उतार होता. पॅडल उलटे दाबून लागणारा जुना ब्रेक एका फेरीत इतका तापे, की हबमधले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे; शर्यतीचे नाव त्यावरूनच.

अशा सायकलीची ओळख ठरवताना पहिली आठवण होते ती ग्रीक वीर थीसियसच्या जहाजाची. अथेन्सवासीयांनी ते स्मारक म्हणून जपले आणि कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहिले आहे. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात गाठ मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? क्लंकरलाही हा प्रश्न विचारता येतो. समजा, १९३८ च्या एका एक्सेलसियरवरून काढलेली टाकी, मडगार्ड, चाके आणि सीट त्याच साली बनलेल्या दुसऱ्या फ्रेमवर चढवली, तर मूळ सायकल कोणती? जिच्या फ्रेमवर मूळ नंबर आहे ती, असे सायकलवाले क्षणात सांगतील. पोलीस तक्रारीला आणि खरेदीच्या पावतीला हे उत्तर पुरते, पण ते व्यवहाराने ठरवलेले आहे. युक्तिवादाने सिद्ध केलेले नाही. शिवाय थीसियसच्या जहाजाचे द्रव्य बदलत गेले, आकार तोच राहिला. क्लंकरमध्ये मुख्य भागाचे द्रव्य टिकले आणि बदलला तो हेतू. ग्रीक कोडे इथे अर्धेच लागू पडते; भारतीय वाद अधिक उपयोगी पडतात.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीकवंशीय राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, आणि हे सारे वगळून वेगळा रथ उरतो का? प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. 'रथ' हे भागांच्या आधाराने केलेले संबोधन ठरते. या मतानुसार एक्सेलसियरची क्लंकर झाल्यावर 'तीच की दुसरी' हा वाद नावाचा आहे. वस्तूत शोधून तो मिटणार नाही.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा 'अवयवी' खरोखर असतो आणि तो अवयवांमध्ये समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहतो. त्यांचा एक पुरावा अगदी हाताला लागणारा आहे. एक भाग धरला किंवा ओढला, की सगळी वस्तू येते. सायकल हँडलला धरून उचलली की मागचे चाकही उचलले जाते; वाळूच्या ढिगाचे तसे होत नाही. मात्र या मताची किंमत मोठी आहे. अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो, असे न्याय-वैशेषिकांना मानावे लागते. कापडाचा एक धागा काढला तरी उरते ते दुसरे कापड. मग मडगार्डचा स्क्रू काढताच एक सायकल संपली आणि दुसरी जन्मली, आणि 'ही तीच' ही ओळख केवळ सारखेपणावर उभी राहिली. हे मत प्रामाणिक आहे, पण सायकल दुरुस्तीच्या दुकानात टिकणारे नाही.

या बाबतीत सर्वांत समजूतदार भूमिका जैनांची वाटते. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'नुसार जे जे सत् आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता एकाच वेळी असतात. समंतभद्रांनी 'आप्तमीमांसे'त सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचे उदाहरण दिले आहे. घट हवा असलेला दुःखी होतो, मुकुट हवा असलेला आनंदतो, ज्याला फक्त सोने हवे होते तो तटस्थ राहतो. तिघांच्याही भावनेला वस्तूत आधार आहे. क्लंकरपाशीही हे तिघे उभे असतात. जुन्या सायकलींचा संग्राहक ताणलेली फ्रेम पाहून हळहळतो, डोंगरावर जाणारा खूश होतो, भंगारवाल्याला दोन्ही अवस्थांत पोलादाचे वजन तेवढेच दिसते. कोणीही चुकत नाही. फक्त आपण कोणत्या दृष्टीने पाहतो आहोत, हे प्रत्येकाने सांगायला हवे.

पण ध्रुव राहणारे द्रव्यच नसेल तर? १९७७ मध्ये मरिनच्या याच गटातल्या जो ब्रीझ यांनी नव्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांतून डोंगरासाठीच म्हणून सायकल बांधली. जुन्या फ्रेम दुर्मीळ होत चालल्या होत्या आणि डोंगरात मोडतही होत्या. ब्रीझ यांनी एक्सेलसियरची मापे आणि कोन समोर ठेवले, मात्र तिचा एक तुकडाही घेतला नाही. 'ब्रीझर' अशा रीतीने केवळ आकृतीची वारस आहे. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीची कसोटी अशी, की जे कार्य घडवू शकते तेच परमार्थाने सत्. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन वस्तूची जात तिच्या कार्यावरून ठरवली, तर क्लंकर आपल्या जुन्या श्विनपेक्षा ब्रीझरची जवळची नातलग ठरते. द्रव्याचा इतिहास मात्र तिला पेपर टाकणाऱ्या मुलाशी बांधून ठेवतो. ही दोन नाती वेगळी आहेत, आणि एकाच्या जोरावर दुसरे नाकारण्यात बहुतेक वाद वाया जातात. जुनी वस्तू मोडणे योग्य की अयोग्य, हा वादही त्यांतलाच.

भंगारातून उचलल्या तेव्हा या फ्रेमना कोणी ठेवा मानत नव्हते. त्या अडगळ होत्या. आज न बदललेली एक्सेलसियर संग्राहकांना हवी असते, आणि १९७० च्या दशकातली क्लंकरही ऐतिहासिक वस्तू झाली आहे. फेअरफॅक्समध्ये २०१५ पासून सायकलींचे संग्रहालय आहे आणि माउंटन बाइकचा हा उगम तिथे मांडलेला आहे. अशा क्लंकरचे गिअर आणि ड्रम ब्रेक उतरवून कोणी तिला पुन्हा टाकी-मडगार्ड चढवले, तर १९३८ चे रूप परत येईल आणि १९७६ चे पुसले जाईल. त्याला 'मूळपदावर आणणे' म्हणणे चूक आहे. ते दुसरे परिवर्तन आहे, आणि पहिल्याला जेवढे समर्थन लागते तेवढेच त्यालाही लागते.