दिवसास दोष आहे काय?

आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत अद्यापि असे प्रश्न निघतात की, अमुक दिवशी विवाह लावावा काय, अमुक दिवशी घराचा पाया घालावा काय. पंचांग घरातून गेले म्हणजे पंचांगाचे भयही मनातून गेले असे होत नाही. एखाद्या कुटुंबात दोन मृत्यू एकाच तारखेस घडले, तर शहाणीसुरती माणसेदेखील त्या तारखेकडे भीतभीत पाहू लागतात. ह्या भयास भोळेपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे; परंतु त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो विचार करण्याजोगा आहे. एकाच तारखेस वारंवार मोठ्या गोष्टी घडल्या, तर त्या तारखेत काही असते काय? आणि नसेल, तर अशा तारखेचे मनुष्याने करावे तरी काय?

ह्या प्रश्नासाठी आम्ही वाचकांस जर्मनी देशात नेऊ इच्छितो. त्या देशाच्या इतिहासात ९ नोव्हेंबर ही तारीख इतक्या वेळा येते की, तेथील लोक तिला नियतीचा दिवस असे म्हणतात. सन १८४८ मध्ये त्या दिवशी रॉबर्ट ब्लुम नावाच्या लोकप्रतिनिधीस व्हिएन्ना येथे गोळ्या घालून ठार केले. सन १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध हरत आले असता, त्याच दिवशी कैसर दुसरा विल्हेल्म ह्याने राज्यत्याग केल्याचे जाहीर झाले, आणि बर्लिन येथे फिलिप शाइडेमान ह्यांनी संसदभवनाच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली. सन १९२३ मध्ये त्याच दिवशी हिटलर आपल्या साथीदारांसह म्यूनिक शहरातून सत्ता बळकावण्यास निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारापुढे त्याची मिरवणूक उधळली गेली. सन १९३८ मध्ये त्या रात्री देशभर यहूद्यांची सभास्थाने पेटली. आणि सन १९८९ मध्ये त्याच रात्री बर्लिनची भिंत खुली झाली.

अशी यादी वाचली म्हणजे अंगावर शहारा येतो, हे खरे. परंतु जरा थांबून पाहावे. ह्या मण्यांतून एकच दोरा गेलेला आहे काय? ब्लुमचा मृत्यू व भिंतीचे उघडणे ह्यांचा एकमेकांशी तारखेपलीकडे काही संबंध नाही. वर्षाला दिवस तीनशे पासष्ट, आणि इतिहासातील मोठ्या गोष्टी हजारो. तेव्हा काही गोष्टी एका दिवशी पडणारच. मधल्या तीन गोष्टींचे मात्र तसे नाही. त्यांतील दोरा मनुष्याने आपल्या हाताने ओवलेला आहे.

हिटलर व त्याचे लोक १९१८ च्या नोव्हेंबरास देशद्रोहाचा महिना म्हणत. ज्यांनी प्रजासत्ताक स्थापिले व युद्ध थांबविले त्यांस ते नोव्हेंबरचे गुन्हेगार असे नाव देत. ती अढी मनात धरूनच, पाच वर्षे भरत असता, ते बंडास उठले. बंड फसले, त्यांची सोळा माणसे व चार पोलीस मेले. पुढे १९३३ मध्ये राज्य हाती आल्यावर त्या सोळांस हुतात्मे ठरविण्यात आले, व दरवर्षी ८ व ९ नोव्हेंबरास म्यूनिक येथे जुन्या साथीदारांचा मेळा भरू लागला. ज्वाळा, झेंडे, नावांचा पुकारा, सर्व काही उपासनेच्या थाटाने होई. म्हणून १९३८ च्या ९ नोव्हेंबरास रात्री त्यांचे पुढारी म्यूनिकच्या जुन्या नगरभवनात भोजनास एकत्र होते. दोन दिवसांपूर्वी पॅरिस येथे हेर्शेल ग्रिन्स्पान नावाच्या सतरा वर्षांच्या यहूदी मुलाने, आपल्या आईबापांस जर्मनीतून हाकलून पोलंडच्या सीमेवर सोडल्याच्या संतापाने, एर्न्स्ट फॉम राट नामक जर्मन वकिलातीतील अधिकाऱ्यावर गोळी झाडली होती. तो मेल्याची बातमी त्या भोजनाच्या वेळी आली. गोबेल्सने भाषण केले, आणि जमलेल्या पुढाऱ्यांनी आपापल्या गावी हुकूम पाठविले. सूड घेण्यास तयार अशी माणसे त्या रात्री एका छपराखाली जमली होती, ती जुना सूड उगाळण्यास दरवर्षी जमत म्हणून. ह्यास नियती म्हणावे काय?

त्या रात्री व दुसऱ्या दिवशी मिळून चौदाशेंहून अधिक सभास्थाने व प्रार्थनागृहे जाळण्यात किंवा मोडण्यात आली. सुमारे साडेसात हजार दुकाने फोडली. सुमारे तीस हजार यहूदी पुरुषांस धरून डाखाऊ, बूखेनवाल्ड व झाक्सेनहाउझेन येथील छावण्यांत कोंडले. आग विझविणाऱ्या बंबांस हुकूम असा की, शेजारची घरे वाचवावी, सभास्थान जळू द्यावे. आपल्या कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा येथील बेने इस्राएल लोकांची सभास्थाने आमच्या कित्येक वाचकांनी पाहिली असतील. तशा घरातून नियमशास्त्राच्या गुंडाळ्या रस्त्यावर ओढून काढल्या जात आहेत व शेजारीपाजारी उभे राहून पाहत आहेत, असे चित्र मनापुढे आणावे.

येथे आमच्या पंथास लाज आणणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ९ नोव्हेंबरची रात्र सरली म्हणजे १० नोव्हेंबर येतो, व १० नोव्हेंबर हा मार्टिन लूथर ह्यांचा जन्मदिवस. ते १४८३ मध्ये जन्मले. थुरिंगिया प्रांताच्या प्रॉटेस्टंट मंडळीचा बिशप मार्टिन झासे ह्याने लागलीच एक पत्रक छापून लूथरच्या जन्मदिनी सभास्थाने जळाली ह्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्याला तारखेचा हा मेळ ईश्वराची खूणच वाटली असावी. दुःख असे की, लूथरने स्वतः १५४३ मध्ये यहूद्यांविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात सभास्थाने जाळावी असा सल्ला दिला होता. तेव्हा झासेने तो मेळ हवेतून काढला नव्हता. पण आग कोणी लावली हे विचारावयाचे सोडून ती कोणत्या तारखेस लागली हे जो पाळक पाहतो, तो अमावास्येस घराबाहेर न पडणाऱ्या मनुष्याहून काय शहाणा? अमावास्येस भिणारा निदान कोणाचे घर तरी जाळीत नाही.

त्याच देशात दुसऱ्या एका पाळकाने तारीख निराळ्या रीतीने वापरली. वुर्टेंबर्ग प्रांतातील ओबरलेनिंगेन नावाच्या खेड्यात यूलियुस फॉन यान हे पाळक होते. १६ नोव्हेंबर १९३८ हा त्यांच्या मंडळीत पश्चात्ताप व प्रार्थनेचा नेमलेला दिवस होता. त्या दिवशी यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायातील एकोणतिसावे वचन घेऊन त्यांनी उपदेश केला, व सभास्थाने जाळणे हे पाप आहे, ह्याचा जाब आपल्या राष्ट्रास द्यावा लागेल, असे उघड सांगितले. नऊ दिवसांनी बाहेरून जमाव आणवून त्यांस मारहाण झाली, मग तुरुंग, व पुढल्या वर्षी न्यायालयाने सोळा महिन्यांची शिक्षा दिली. पश्चात्तापाचा दिवस वर्षानुवर्षे पाळला जात होता. त्या वर्षी त्यांनी तो खरोखर पाळला, एवढेच. डीट्रिख बोनहोफर ह्यांनी तर आपल्या पवित्र शास्त्रात चौऱ्याहत्तराव्या स्तोत्राच्या आठव्या ओळीजवळ त्या रात्रीची तारीख लिहून ठेविली. ते स्तोत्र कोणी उघडून पाहील तर आणखी सांगणे नलगे.

पुढल्याच वर्षी, १९३९ मध्ये, ह्या वार्षिक मेळ्याचा उपयोग एका सुताराने करून पाहिला. गेओर्ग एल्सर त्याचे नाव. हिटलर ८ नोव्हेंबरास कोठे असणार हे सर्व देशास ठाऊक होते. तीसाहून अधिक रात्री त्या सभागृहात लपून त्याने खांब पोखरला व त्यात बाँब ठेविला. हिटलर त्या रात्री नेहमीपेक्षा लवकर निघून गेला. तेरा मिनिटांनी स्फोट झाला आणि आठ माणसे मेली. एल्सरच्या कृत्याचा न्याय करणे हा आजचा विषय नव्हे, व तो सोपाही नाही. बोनहोफर व एल्सर ह्या दोघांचा वध मात्र ९ एप्रिल १९४५ ह्या एकाच दिवशी झाला, एकाचा फ्लोसेनबुर्ग येथे, दुसऱ्याचा डाखाऊ येथे. हाही मेळ नियतीचा नव्हे. राज्य बुडत आले असता साक्षीदार जिवंत राहू नयेत म्हणून मारेकऱ्यांस घाई झाली होती.

१९८९ ची रात्र ह्याच्या अगदी उलट. ती कोणीच नेमली नव्हती. पूर्व जर्मनीचे एक पुढारी ग्युंटर शाबोव्स्की ह्यांनी वृत्तपत्रकारांपुढे प्रवासाचा नवा नियम वाचून दाखविला. तो दुसऱ्या दिवसापासून, अर्ज करून, लागू व्हावयाचा होता. कधीपासून असे विचारता त्यांनी कागद चाळून ताबडतोब असे सांगून टाकले. लोक भिंतीच्या दारांशी लोटले, व रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरील चौकीने फाटक उघडले. अर्थात चुकीच्या एका शब्दाने भिंत पडली नाही. लाइपझिग येथील संत निकोलस मंदिरात १९८२ पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना चालत; बरोबर एक महिना आधी, ९ ऑक्टोबरास, सुमारे सत्तर हजार माणसे मेणबत्त्या घेऊन त्या शहराच्या रस्त्यांतून चालली, व गोळी झाडली गेली नाही.

मग देश एक झाल्यावर राष्ट्रीय सण कोणता नेमावा, असा प्रश्न पडला. लोकांच्या आनंदाचा दिवस पाहिला तर ९ नोव्हेंबरच. पण त्याच तारखेस शेजाऱ्याचे मंदिर जाळले होते. शेवटी सण ३ ऑक्टोबरास ठरला. त्या दिवशी १९९० मध्ये दोन राज्ये कायद्याने एक झाली. कित्येक म्हणतात, हा भित्रेपणा झाला. आनंद व पश्चात्ताप एकाच दिवशी का असू नयेत? प्रभुभोजनाच्या मेजाशी आपण दोन्ही घेऊन येतोच ना? ह्या म्हणण्यात वजन आहे. आपल्या देशातही २६ नोव्हेंबरास १९४९ च्या संविधानाचा गौरव आणि २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यातील मृतांचे स्मरण एकाच दिवशी करावे लागते, व ते आपण करितो. परंतु मुंबईत आपण ज्यांचे स्मरण करितो त्यांस आपण मारिले नव्हते. जेथे हात आपलेच होते, तेथे त्या दिवशी वाजंत्री लावावी की नाही, हे ठरविण्याचा पहिला हक्क ज्याचे घर जळाले त्याचा, असे आमचे मत आहे. पौलाने रोमकरांस लिहिताना दिवस मानण्याची गोष्ट प्रत्येकाच्या मनावर सोडली. पण त्याच अध्यायात भावापुढे ठेच लागण्याजोगे काही ठेवू नये, असेही शिकविले.

ईयोबाने आपल्या जन्मदिवसास शाप दिला, तो दुःखाने व्याकूळ होऊन. त्याच्या मित्रांनीही त्या दिवसास दोषी ठरविले नाही. ते ईयोबासच दोष देऊ लागले. त्यांचे अनुमान चुकले, पण दोष शोधावयाचा तो मनुष्याच्या वागणुकीत, तारखेत नव्हे, एवढे तरी त्यांस ठाऊक होते.

हल्ली जर्मनीच्या शहरांत, जेथून यहूदी कुटुंबे नेली त्या घरांपुढे, पायवाटेच्या फरशीत तळहाताएवढ्या पितळी पाट्या बसविलेल्या असतात. प्रत्येकीवर एकाच मनुष्याचे नाव, जन्माचे वर्ष, व त्याचे काय झाले ते. वर्षभर त्या पायांखाली काळवंडतात. ९ नोव्हेंबरास त्या त्या गल्लीतील माणसे फडके घेऊन गुडघे टेकून बसतात आणि त्या घासून काढितात.