उताराची बाग

बहादरपुरात घर बांधलं तेव्हा मागची जागा ओढ्याकडे उतरत गेलेली होती. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पुरुषभर उतार. पाहायला येणारा प्रत्येकजण म्हणे, भराव टाका आणि सपाट करून घ्या. मलाही ते पटलं. खालच्या बाजूला विटांची भिंत घातली, मागे काळी माती भरली, वर हिरवळ लावली. दुसऱ्याच श्रावणात भिंतीला मधोमध पोट सुटलं आणि एका पहाटे ती ओढ्यात गेली.

मिस्तरी आले. पडलेल्या विटा पायाने बाजूला करत म्हणाले, "भाऊ, पाणी निघायला भोकं कुठं आहेत? काळी माती भिजली की फुगते. तिला जागा नाही दिली, तर ती भिंतच ढकलणार."

उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या. तापीकाठच्या माणसाला हे लहानपणापासून ठाऊक असतं. मलाही होतं, पण घराच्या मागे ते आठवलं नाही.

बुऱ्हाणपूरला पाहुणे आले की मी त्यांना कुंडी भंडारा दाखवायला नेत असे. 1615 साली, अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत, हे काम झालं. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपत येणारं पाणी भुयारात धरायचं आणि निव्वळ उताराच्या बळावर शहराकडे न्यायचं. मोट नाही, पंप नाही. भुयारावर ठरावीक अंतराने खोदलेल्या शंभरावर कुंड्या, त्यांतून उजेड आणि हवा आत जाते. अशा भंडाऱ्यांपैकी काहींचं पाणी आमच्या बहादरपुरालाही येत होतं. भिंत पडल्यानंतर मी एकटाच तिथे गेलो आणि खाली वाकून बराच वेळ ते वाहतं पाणी पाहिलं. ज्या गावाची तहान उतारावर भागली, त्या गावात मी उतार बुजवायला निघालो होतो, याचं फार वाईट वाटलं.

मग तीन बांध घातले, प्रत्येक दोन फुटांचा. जागेचे चार टप्पे झाले. बांध दगडांचे, सिमेंट न घालता रचलेले आणि मातीच्या बाजूला जरासे कललेले. त्यांच्या मागे हातभर गिट्टी आणि मुरूम, म्हणजे पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून निथळून जातं.

एवढ्याशा जागेत चार हवामानं आहेत, हे मला लागवड करताना कळलं. वरचा टप्पा सगळ्यात आधी वाळतो, तिथे कोरफड आणि शेवगा. दुसऱ्यावर लिंबू आणि कढीपत्ता, पाणी साचलेलं त्यांना चालत नाही. तिसऱ्यावर मोगरा. सगळ्यात खाली, जिथे वरचं पाणी शेवटी येतं, तिथे केळी आणि अळू. आमच्या जिल्ह्यात केळी नसलेलं परसू विरळाच.

पण खालची जागा केळीला सगळीच मानवली असं नाही. थंड हवा जड, ती रात्री उतरत उतरत तळाशी येऊन बसते. पौषात वरच्या शेवग्याला काही होत नाही आणि खालच्या केळीची पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. शेतकरी याला चरका म्हणतात. आता कडाक्याच्या थंडीत मी संध्याकाळी विहिरीचं पाणी देतो, ते हवेपेक्षा ऊबदार असतं. पहाटे कडेला पालापाचोळ्याचा धूर करतो. शिवाय खालच्या बांधाजवळची कुंपणाची झुडपं मधोमध तोडून वाट केली, म्हणजे थंड हवाही ओढ्याकडे निघून जाते. पाण्याला वाट लागते हे भिंतीने शिकवलं होतं, हवेलाही लागते हे केळीने दाखवलं.

आईचे गुडघे दुखतात. पायऱ्या रुंद आणि बुटक्या केल्या, तरी ती दुसऱ्या टप्प्याच्या खाली उतरत नाही. तिसऱ्या टप्प्यावरचा मोगरा मात्र तिनेच मागून घेतलेला. वाढून तो आता बरोबर तिच्या बांधाच्या काठाला येतो. संध्याकाळी ती बांधावर पाय खाली सोडून बसते आणि न वाकता कळ्या खुडते. वर मी लिंबाच्या आळ्यात पाणी सोडलेलं असतं. थोड्या वेळाने तिच्या पायांखालचे दगड ओले होऊ लागतात आणि ती हाक मारते, "बस कर रे, पोचलं."