स्वदेशत्याग आणि ग्रंथकाराचें ऋण

आमच्या धर्मशास्त्रांत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं आहेत. ज्या भाषेंत मनुष्य पहिला शब्द बोलला, त्या भाषेचें ऋण त्यांत निराळें सांगितलेलें नाहीं. शास्त्रकारांना तशी गरज भासली नसावी; कारण भाषा सोडून जाणारा मनुष्य त्यांच्या डोळ्यांपुढें नव्हता. आज तो पदोपदीं भेटतो. एक देश सोडून दुसऱ्या देशांत कायमचा राहिलेला आणि तेथल्या भाषेंत ग्रंथ लिहून कीर्ति मिळविलेला लेखक, ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशा लेखकांच्या उत्तम पुस्तकांच्या याद्या वरचेवर प्रसिद्ध होतात व वाचक त्या कौतुकानें चाळतात. परंतु ज्यांना सोडून हा लेखक गेला, त्यांचें त्याच्याकडे कांहीं येणें उरतें काय, हा प्रश्न त्या याद्यांत कोणी विचारीत नाहीं.

तो एकदां अगदीं उघडपणें व कठोरपणें विचारला गेला होता. ज्याच्यासंबंधीं तो विचारला गेला तो लेखक म्हणजे जोसेफ कॉनरॅड. आणि विचारणाऱ्या होत्या त्याच्याच मातृभाषेंतल्या एक थोर कादंबरीकर्त्या.

कॉनरॅडचें मूळचें नांव यूझेफ तेओदोर कॉनराड कोझेन्योव्स्की. १८५७ सालीं, आज जो प्रदेश युक्रेनमध्यें मोडतो तेथें, एका पोलिश कुटुंबांत त्याचा जन्म झाला. त्या वेळीं नकाशावर पोलंड नांवाचा देशच नव्हता; रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनीं तो वांटून घेतला होता. वडील अपोलो हे कवि आणि शेक्सपिअर-ह्यूगोचे भाषांतरकार. परंतु त्यांचें खरें वेड स्वातंत्र्याचें. त्यापायीं १८६२ सालीं त्यांना बायको व चार वर्षांच्या मुलासह उत्तर रशियांतील वोलोग्दा येथें हद्दपार करण्यांत आलें. तेथल्या हालअपेष्टांनीं खंगलेली आई १८६५ सालीं गेली, आणि १८६९ सालीं वडीलहि गेले. क्राकूव शहरांत त्यांच्या अंत्ययात्रेला हजारों लोक लोटले आणि त्या समुदायाच्या अग्रभागीं अकरा वर्षांचा हा पोरका मुलगा चालत होता. कॉनराड हें नांवहि साधें नव्हे. पोलिश महाकवि मित्स्कयेविच याच्या देशभक्त नायकाचें तें नांव. म्हणजे मुलाच्या कपाळीं राष्ट्रकार्य बापानें जन्मतःच लिहून ठेविलें होतें.

असा हा मुलगा सोळाव्या वर्षीं घर सोडून मार्सेय बंदरांत जाऊन खलाशी झाला. राजकीय कैद्याचा मुलगा आणि रशियन प्रजाजन म्हणून रशियाच्या सैन्यांत वर्षानुवर्षें राबण्याचें संकट त्याच्या डोक्यावर होतें, हें खरें. पण केवळ भीतीनें तो गेला असें आम्हांस वाटत नाहीं. समुद्राचें वेडहि होतें. १८७८ सालीं तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, १८८६ सालीं ब्रिटिश नागरिक झाला, आणि १८९५ सालीं त्याची पहिली कादंबरी बाहेर पडली. पोलिश व फ्रेंच यांच्यानंतर शिकलेल्या तिसऱ्या भाषेंत ती लिहिलेली होती. इंग्रजी बोलतांना त्याचे उच्चार शेवटपर्यंत परके राहिले; लिहितांना मात्र त्या भाषेच्या श्रेष्ठ गद्यकारांत त्याला स्थान मिळालें.

१८९९ सालीं पीटर्सबर्गहून निघणाऱ्या 'क्राय' या पोलिश साप्ताहिकांत वाद उपस्थित झाला. लुतोस्वाव्स्की नांवाच्या तत्त्वज्ञानें गुणी माणसांच्या परदेशगमनाचें समर्थन केलें आणि उदाहरण म्हणून कॉनरॅडचें नांव घेतलें. त्यावर एलिझा ओझेश्कोवा या बाई खवळून उठल्या. सर्जनशील प्रतिभा ही व्यक्तीची खाजगी मिळकत नसून राष्ट्राच्या काळजांतली वस्तु आहे. ती उचलून परक्यांच्या, तींहि श्रीमंत परक्यांच्या, बाजारांत नेणाऱ्याची आपणांस शिसारी येते, असा त्यांच्या लेखाचा आशय होता.

ओझेश्कोवाबाईंचा राग कोठून आला हें समजून घेतलें पाहिजे. १८६३ च्या फसलेल्या उठावांत त्यांनीं बंडखोरांना साहाय्य केलें होतें. त्या उठावानंतर रशियन अमलाखालच्या शाळाकचेऱ्यांतून पोलिश भाषा हळूहळू हद्दपार झाली. बाई मात्र ग्रोद्नो गांवीं राहून पोलिशमध्यें लिहीत राहिल्या. ज्या घराला आग लागली आहे त्यांतून एक धट्टाकट्टा मुलगा बाहेर पडून शेजाऱ्याच्या बंगल्यांत दिवाणखाना सजवितो आहे, असें त्यांना दिसलें. पैशाविषयींचा त्यांचा आरोप मात्र साफ चुकीचा होता. त्या सुमारास कॉनरॅड कर्जांत बुडालेला होता आणि त्याच्या पुस्तकांना खरा खप मिळण्यास अजून चौदापंधरा वर्षांचा अवकाश होता. परंतु वस्तुस्थिति चुकली म्हणजे प्रश्नहि चुकला असें होत नाहीं. आमच्या पुण्यामुंबईच्या घरांतून ज्यांचीं मुलें सातासमुद्रांपलीकडे स्थायिक झालीं आहेत, त्यांना हा प्रश्न निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. तो त्यांच्या जेवणाच्या पानावरच रोज वाढलेला असतो.

१९०० सालीं कॉनरॅडची 'लॉर्ड जिम' ही कादंबरी पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. पाटणा नांवाच्या जुनाट जहाजांतून आठशें यात्रेकरू मक्केस निघाले आहेत. रात्रीं जहाज कशावर तरी आदळतें. तें आतां बुडणार अशी खात्री होऊन गोरे अधिकारी झोंपलेल्या यात्रेकरूंना तसेंच टाकून होडींत उतरतात. जिम हा तरुण अधिकारी त्या पळपुट्यांचा तिरस्कार करीत डेकवर उभा असतो. आणि पुढच्या क्षणीं तो स्वतःच होडींत असतो. त्यानें उडी मारलेली असते. केव्हां, कशी, हें त्याचें त्यालाहि नीट सांगतां येत नाहीं. जहाज बुडत नाहीं. तें सुखरूप एडनला पोंचतें. बाकीचे चौकशी चुकवितात, एकटा जिम तिला सामोरा जातो, आणि मग त्या एका उडीचा कलंक धुवून काढण्यासाठीं तो पूर्वेकडे आणखी आंत, आणखी दूर जात राहतो. प्रसंग कल्पित नाहीं. १८८० सालीं 'जेद्दा' नांवाच्या जहाजाच्या अधिकाऱ्यांनीं नऊशेंहून अधिक यात्रेकरूंना असेंच सोडलें होतें. ती बातमी खलाशांच्या अड्ड्यांतून सर्वत्र झाली होती.

ही कादंबरी म्हणजे बाईंना दिलेलें उत्तर, असें कांहीं टीकाकार सुचवितात. तें कालदृष्ट्या टिकत नाहीं. कथेचा आरंभ १८९८ मध्येंच, म्हणजे बाईंच्या लेखाच्या आधीं, झालेला होता. पण आमच्या मतें यामुळें गोष्ट हलकी न होतां अधिकच जड होते. आरोपपत्र बाहेरून येण्यापूर्वींच आरोपी मनांतल्या मनांत न्यायासनासमोर उभा होता! पुढें १९१२ सालच्या आठवणींच्या पुस्तकांत आपल्या गृहत्यागाविषयीं लिहितांना त्यानें शब्द वापरला तोहि उडीचाच.

तरीहि एक शंका उरते. पश्चात्ताप झाला तो इंग्रजींत झाला. ज्यांचें देणें होतें त्यांच्या हातीं काय पडलें? ऋणको दुसऱ्याच पेढीवर पैसे भरून मोकळा झाला, तर धनकोनें पावती कशी द्यावी? मित्स्कयेविचहि देशत्यागीच होता; पण त्याचें 'पान तादेउश' पॅरिसमध्यें १८३४ सालीं छापलें गेलें तें पोलिश भाषेंत, आणि म्हणून तें सरळ घरीं पोंचलें. कॉनरॅडच्या बाबतींत वाट वांकडी होती.

परंतु ती वाट होती. 'लॉर्ड जिम'चें पोलिश भाषांतर १९०४ सालींच झालें, आणि १९३३ सालीं आनिएला झागूर्स्का या त्याच्या नात्यांतील विदुषीनें केलेलें नवें भाषांतर आलें. मग १९३९ सालीं पोलंडवर जर्मनांची धाड पडली. भूमिगत सैन्यांतील तरुणांना ज्या लेखकांनीं आधार दिला त्यांत कॉनरॅड अग्रभागीं होता. ज्या लढाईंत जय दिसत नाहीं तींतहि जागा सोडूं नये, हें ती पिढी या जागा सोडून गेलेल्या माणसाच्या पुस्तकांतून शिकली. त्या पिढींतला एक लेखक श्चेपान्स्की यानें पुढें 'माझ्या पिढीचा कॉनरॅड' या नांवाचा निबंधच लिहिला. १९४५ सालीं टीकाकार यान कोट यानें कॉनरॅडच्या निष्ठेवर हल्ला चढविला. ज्या धन्याचा आपण तिरस्कार करतों त्याचेंच काम चोख बजावणें ही गुलामाची निष्ठा होय, असें त्याचें म्हणणें. त्याला मारिया दोम्ब्रोव्स्का या कादंबरीकर्त्रीनें लगेच पुढच्या वर्षीं उत्तर दिलें. तिच्या मतें ती निष्ठा धन्याशीं नसून सोबत्यांशीं आहे, आणि त्या निष्ठेनें मेलेल्या पोरांना गुलाम म्हणणें अन्याय आहे. आम्हांस दोम्ब्रोव्स्काबाईंचा पक्ष बळकट वाटतो. जिमला टोंचतें तें कंपनीचें जहाज नव्हे, त्यांतले आठशें झोंपलेले लोक टोंचतात.

ऋण मग फिटलें काय? फिटलें असें आम्ही म्हणूं. पण तें एकट्या कॉनरॅडनें फेडलेलें नाहीं. त्याचें पुस्तक पोलिशमध्यें घरीं येऊं शकलें, याचें कारण तें ज्या भाषेंत यावयाचें ती भाषा मधल्या काळांत जिवंत राहिली होती. आणि ती जिवंत ठेविली ओझेश्कोवाबाईंसारख्यांनीं, जे ग्रोद्नोंत आणि वॉर्सांत दिवा लावून लिहीत बसले त्यांनीं. सगळेच जर मार्सेयला गेले असते, तर 'लॉर्ड जिम' परत येऊन कोणाच्या दारांत उभा राहिला असता? जाणाऱ्याला दोष देऊं नये असें म्हणणारे आमचे मित्र ही गोष्ट सहसा विसरतात. आणि राहणाऱ्यांनींच निष्ठेचा मक्ता घेतला आहे असें समजणारे, जिम वाचावयास विसरतात.

कॉनरॅडनें बाईंना कधीं क्षमा केली नाहीं. १९१४ च्या जुलैमध्यें तो बायकामुलांसह पोलंड पाहण्यास गेला असतां महायुद्ध सुरू झालें, आणि दोनएक महिने त्याला डोंगरांतल्या झाकोपाने गांवीं, झागूर्स्का कुटुंबाच्या घरीं, अडकून पडावें लागलें. तेथें आनिएला त्याला पोलिश पुस्तकें आणून देई आणि तो अधाशासारखीं तीं वाची. बोलेस्वाव प्रूस तर त्याला फारच आवडला. एकदां तिनें ओझेश्कोवाबाईंची कादंबरी पुढें केली, तेव्हां तो एकदम भडकला आणि त्या बाईचें कांहींहि आपल्यापुढें आणूं नकोस म्हणाला. पंधरा वर्षें लोटलीं होतीं, बाईहि चार वर्षांपूर्वीं वारल्या होत्या. आनिएलानें ती कादंबरी बाजूला ठेविली आणि प्रूसचें दुसरें पुस्तक आणून दिलें.