मशीन कोणी थांबवायची?

भाचा अकोल्याच्या एका कापूस जिनिंगमध्ये सुपरवायझर. मावशी मूर्तिजापूरला मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त. बोलणं सुरू झालं ते त्याच्या रात्रपाळीवरून.

भाचा : हंगामात रेजा, म्हणजे मजूर बाया, कमी पडल्या की मी सोताच ढिगातला कापूस ओढतो. पहिल्या दिवशी सारे लाजून धावले. आता म्हणतात, सायेब हायेत ना! अन् केबिनमध्ये बसलो त पाळी रेंगाळते. करू काय?

मावशी : गाडगेबाबा आपल्याच मुलखातले, शेंडगावचे. गावात शिरले की आधी झाडू. तिथे गाव नुसतं पाहत बसलं का?

भाचा : ते संत होते, मावशी. माह्या हातात हजेरीचं रजिस्टर हाय.

मावशी : म्हणूनच नीट ऐक. दिवसा झाडू, आणि रात्री कीर्तनात सांगणं कमी, विचारणं जास्त. प्रश्न बाबांचा, उत्तर गावाचं. मग पुढच्या गावाला. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांत अडकून पडले नाहीत. झाडू सगळ्यांच्या लक्षात राहतो, हे बाजूला होणं कोणी सांगत नाही.

भाचा : मी बाजूला झालो त पगार बंद! उदाहरण द्यायचं त आपल्या रस्त्याचं दे. जून २०२२, अमरावती-अकोला हायवे, लोणी ते माना. एका लेनच्या हिशेबानं ७५ किलोमीटर डांबरीकरण, १०५ तास ३३ मिनिटांत. ७२० माणसं रात्रंदिवस राबली, गिनीजमध्ये नोंद झाली. कतारचा विक्रम मोडला. तिथं कुठं झाडू होता? टार्गेट ठरलं, पाळ्या लागल्या, काम झालं.

मावशी : झालं, आणि मला त्याचं कौतुकच आहे. माना तर आमच्याच तालुक्यातलं. पण ते चार-पाच दिवस होते. विक्रमासाठी माणूस तेवढं जागतो. तुझा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. एकशे सातव्या तासाला काय करायचं, ते सांग.

भाचा : बक्षीस? शाबासकी?

मावशी : शाबासकी जरूर दे. मजुरीच्या ऐवजी देऊ नको. रेजांना ते लगेच कळतं.

(इथे मावशी जरा स्वस्तात सुटली. मजुरी मालक ठरवतो, सुपरवायझरच्या खिशात शाबासकीच तेवढी असते.)

मावशी : बरं, कापसात खिळा किंवा दगड आला तर आधी कोणाला दिसतो?

भाचा : जिनवर कापूस टाकणाऱ्या बाईले. रोलरमध्ये खिळा गेला की ठिणगी उडते. रुईत ठिणगी पडली की संपलंच.

मावशी : मग ती मशीन बंद करते?

भाचा : हाक मारते. फिटर येतो, नाही त मी.

मावशी : त्या आवाजात हाक ऐकू येते?

भाचा : हातवारे करते. कोणाचं लक्ष असलं त दिसते.

मावशी : बटण तिच्या हाताशी नाही?

भाचा : हाय. दाबायचं नाही, असा नियम हाय.

मावशी : कोणाचा?

भाचा : माहाच. उगाच बंद करतीन, माल कमी निघीन, म्हणून.

मावशी : म्हणजे डोळे तिचे हवेत, निर्णय नको. आणि वर पाळी तिला आपली वाटली पाहिजे!

भाचा : तू बोलून मोकळी. मशीन उगाच थांबली त मालक मले विचारतीन, तिले नाही.

मावशी : विचारू दे की. तिच्यापेक्षा जास्त पगार तुला कशाचा मिळतो?

भाचा : चारदा असं झालं त नोकरी जाईन.

मावशी : जाऊ शकते. ती भीती खोटी नाही. म्हणून तिने बटण दाबलं की प्रत्येक वेळी तिला विचार, काय दिसलं होतं. पण आवाज न चढवता विचार. एकदा ओरडलास की पुन्हा कोणी बटणाला हात लावणार नाही, खिळा समोर दिसला तरी.

भाचा : अन् ढिगातला कापूस?

मावशी : ओढ ना. तिने बोलावलं की ओढ.

भाचा : मालकाले हे बटणाचं आधी सांगू, का करून मंग?

मावशी : आधी. आणि त्या बाईच्या देखत.

भाचा : ते नाही म्हणाले त?

मावशी : मग पाळी रेंगाळते म्हणून रेजांना बोल लावू नको.