लसूण सोलता सोलता

प्रवासातली ओळख बहुतेक वेळा हात कामात असताना होते. नुसतं समोरासमोर बसलं की माणसं नाव-गाव विचारतात आणि मग मोबाइल काढतात. हाताला काम असलं की बोलणं आपसूक लांबतं. मधेच गप्प झालं तरी अवघडल्यासारखं होत नाही.

नांदेडला हे रोज दिसतं. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी इथेच, गोदावरीच्या परिसरात, देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंहांनी सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वारा बांधवून घेतला. 2008 मध्ये गुरु-ता-गद्दीला, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याला, तीनशे वर्षं झाली, तेव्हा शहराचे रस्ते रुंदावले, उतरण्याच्या सोयी वाढल्या. आज तिथल्या यात्री निवासांत अमृतसर-लुधियान्याची माणसं असतातच, पण कॅनडा आणि इंग्लंडहून आलेलीही असतात. अमृतसरहून निघालेल्या सचखंड एक्स्प्रेसच्या प्रवाशांना वाटेतल्या काही स्थानकांवर लंगरचं जेवण मिळतं. म्हणजे मुक्कामाला पोचायच्या आधीच पाहुणचार सुरू.

आम्हा लातूरकरांना नांदेड म्हणजे विद्यापीठाचं काम, एखादं लग्न, नाहीतर दवाखाना. काम उरकायचं आणि संध्याकाळची एसटी धरायची. कुणी आयुष्यभर पैसे साठवून जिथे येतं, तिथे आपण कधी रात्रभर राहिलेलो नसतो. जवळचं गाव कायम उद्यावर ढकललं जातं.

मी एकदा मुद्दाम राहिलो. सकाळी जोडाघरात चपला दिल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि लंगरच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. समोर लसणाचा ढीग. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हटकलंही नाही. शेजारी पंजाबातल्या संगरूरकडचे एक सरदारजी, साठी ओलांडलेले, शेतकरी. त्यांचा लसूण झरझर सोलून होई. पाकळी अंगठ्याखाली दाबायची, बूड खुडायचं, साल आपोआप सुटते. ते बघून माझाही वेग थोडा वाढला.

“लातूर? वो भूकंपवाला?” त्यांनी विचारलं. 1993 चं किल्लारी त्यांना आठवत होतं. गावं बहुधा आपल्या दुःखानेच दूरवर पोचतात. मग म्हणाले, “और वो पानी की रेल?” तीही आमचीच. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. मला वाटलं, कालव्यांच्या मुलखातल्या माणसाला याचं नवल वाटेल. त्यांनी मान हलवली फक्त. त्यांच्याकडे भाताने जमिनीखालचं पाणी ओढून घेतलंय. बोअर दरवेळी आणखी खाली न्यावं लागतं. आमच्याकडे ऊस, त्यांच्याकडे भात. पुढचा बराच वेळ आम्ही पिकांबद्दल बोललो. सोयाबीनला काय भाव मिळतो, तुरीला किती पाणी लागतं. देवाचा विषय निघाला नाही.

एखादा शब्द अडला की पलीकडचा तरुण मदतीला येई. तो इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा हुजुरी शीख. सरदारजींशी पंजाबीत बोलायचा आणि माझ्याकडे वळून अस्सल नांदेडी मराठीत, “ते म्हणायलेत, तुमच्याकडं विहिरी किती खोल हायत?” सरदारजी दर वेळी त्याच्याकडे कौतुकाने बघत. पगडी आपली, बोली परकी. मला उलटं वाटत होतं.

पाहुण्याच्या हाताला काम देण्याची रीत दुसरीकडेही आहे. परदेशात हिंडणारी तरुण मुलं स्वस्त हॉस्टेलात उतरतात, त्या हॉस्टेलांची सुरुवात एका शाळामास्तराने केली. जर्मनीतले रिचर्ड शिरमान 1909 साली मुलांना घेऊन पायी निघाले होते. वादळात सापडले आणि एका शाळेत सगळ्यांनी रात्र काढली. त्यातूनच कल्पना सुचली आणि 1912 साली आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं हॉस्टेल उभं राहिलं. अशा ठिकाणी आपलं अंथरूण आपण घालायचं, झाडलोटीला हात लावायचा, अशी जुनी रीत. मला ती काटकसरीपेक्षा शहाणपणाची वाटते. हॉटेलात आपण पैसे मोजतो ते काही अंशी कुणाशी बोलावं न लागण्याचे. झाडू हातात आला की ती सवलत जाते. सगळ्यांनाच ती जायला हवी असते असं नाही. थकून आलेल्या माणसाला दार लावून घेण्याचा हक्क आहेच.

पण लंगरमध्ये एक वेगळी गोष्ट घडते. तिथे पाहुण्याचा यजमान व्हायला फार तर एक दिवस लागतो. काल रात्री जो बोचकं खांद्यावर घेऊन उतरला, तो आज भांडी घासताना दिसतो. त्याला कुणी नेमत नाही. बादली मोकळी दिसली की उचलायची.

दुपारी पंगतीत बसलो. डाळीची बादली घेऊन सरदारजीच आले. माझ्या मुलखात, माझ्या नदीकाठी मला आग्रह करू लागले. मी ताटावर हात आडवा धरला. “अरे, लातूरवाले, लसूण तो आप ही का है,” म्हणाले, आणि माझी बोटं बाजूला सारून वाढलंच.