उलटी आणि सुलटी बाजू

हुबळीच्या कमरीपेठेसारख्या जुन्या वस्तीतून जाताना एक प्रश्न मनात उभा राहतो: विस्मृतीत गेलेली कला पुन्हा जिवंत झाली, असे केव्हा म्हणावे?

हुबळी-धारवाडच्या परिसरातील कसूती हे याचे जवळचे उदाहरण. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूती’ म्हणजे सूत, अशी या शब्दाची फोड करितात. कापडावर नक्षी आधी न रेखता उभे-आडवे धागे मोजून टाका घालावयाचा, ही तिची रीत. गवंती आणि मुरगी या टाक्यांत कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. गाठ कोठेही मारीत नाहीत. नेगी विणकामाचा भास निर्माण करते. मेंथी फुलीच्या टाक्यांनी आकृती भरते. गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन असे देवळाच्या प्रांगणातले सारे वैभव इरकली लुगड्यावर आणि नववधूच्या काळ्या चंद्रकळेवर उतरत असे.

१९९९ च्या कायद्यान्वये कसूतीची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद झाली आहे. हे इष्टच झाले. परंतु नोंदीने नाव राखले जाते, हात राखला जात नाही. तीच नक्षी यंत्र अल्पावधीत उमटविते. मग हानी ती कोणती, असे कोणी विचारील. हानी अशी, की जे दिसत नाही तेही नेटके असावे, हा संस्कार त्या हाताबरोबर जातो.

तथापि आपणही आत्मपरीक्षण करावयास हवे. ‘कला जगली पाहिजे’ असे म्हणताना ती दुसऱ्याच्या लेकीने डोळे शिणवून जगवावी, अशी आपली अपेक्षा असते. आणि तिने किंमत सांगितली की आपण घासाघीस करितो. पूर्वी हे काम घरोघरी हौसेने होत असे, हे खरे. पण त्या हौसेचा दाखला देऊन आज पोटासाठी सुई धरणारीची मजुरी कापणे न्याय्य नव्हे. निष्काम कर्म हा स्वतः आचरावयाचा धर्म आहे. दुसऱ्याच्या वेतनाला लावावयाचा नियम नव्हे.

म्हणून पुनरुज्जीवनाची कसोटी प्रदर्शनात नाही. शिकणारीला त्या कामावर मानाने संसार चालविता आला, तर कला जगली. देवीला कसूतीचे लुगडे अर्पण करणाऱ्याने एवढेच पाहावे: टाक्याच्या दोन्ही बाजू जशा सारख्या, तशीच आपली भक्ती आणि आपला व्यवहारही सारखा आहे काय?